हत्तीची चाकं कुठे गेली?

पत्र थोडक्यात : पुण्याच्या एका उपनगरात नऊ वर्षांपासून पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. त्यांच्याकडे दीड ते पाच वर्षांची चौदा मुलं आणि मदतीला दोन मावशी आहेत. ताईंनी पुरातत्त्व विषयात एम.ए. केलं. संग्रहालयात काम करायची फार इच्छा होती, ती संसाराच्या धबडग्यात मागे पडली. गेल्या जूनपासून त्या रोज दुपारी चार वाजता मुलांना मोठ्या टीव्हीसमोर बसवतात आणि जगभरातल्या संग्रहालयांच्या ऑनलाइन सहली दाखवतात, चाळीस मिनिटं. मुलं पाचव्या मिनिटाला चुळबुळायला लागतात, धाकटी दोघं पेंगतात. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ दाखवला त्या दिवशी एक मुलगी घाबरून रडली आणि एक मुलगा संध्याकाळपर्यंत सगळ्यांना चावत सुटला. "स्क्रीन नको म्हणून तर तुमच्याकडे ठेवलं," असं एका आईनं सुनावलं. दुसऱ्या एका बाबांना हा उपक्रम इतका आवडला, की त्यांनी रोजचे रील टाकायला सांगितलं. एकदा पडद्यावर दगडी जातं आलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दळण कसं घालायचे ते सांगत बसल्या. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली, सहल राहूनच गेली. "त्या दिवशी तर सगळाच विचका झाला," असं ताई लिहितात. त्या विचारतात : एवढ्या लहान मुलांना संग्रहालय कळतं का? ऑनलाइन शिकवण्यात माझं कुठे चुकतंय? की हे बंदच करून टाकू?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची दमणूक जाणवली. दुसऱ्यांदा वाचताना मी जात्यापाशी थांबले. तुम्ही त्या दुपारला 'विचका' म्हणालात. मला वाटतं, जूनपासूनच्या तुमच्या सगळ्या दुपारांमध्ये संग्रहालय खऱ्या अर्थानं भरलं असेल तर ते त्याच दिवशी. एक वस्तू होती, ती हाताळलेलं एक माणूस होतं आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलेली मुलं होती. पडद्यावरच्या चित्रानं फक्त मावशींना स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. ऑनलाइन माध्यमानं इतकंच करावं आणि बाजूला व्हावं.

तेव्हा उपक्रम बंद करू नका. टीव्ही मात्र मुलांसमोरून काढा आणि तुमच्यासमोर ठेवा.

आधी त्या सुनावणाऱ्या आईबद्दल बोलते, कारण तिचं म्हणणं तुम्हाला लागलेलं दिसतंय. ती चुकलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एक वर्षाच्या मुलांना बसून पडदा बघायला लावूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं, असं म्हटलं आहे. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही जवळपास हेच सांगते : दोन वर्षांखाली पडदा नाही, सूट फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपुरती. आता तुमच्याकडचं तीन वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. सकाळी दूध पिताना मोबाइल, रात्री जेवताना मोबाइल. अनेक घरांत तो एक तास पाळणाघराचं दार उघडायच्या आतच संपलेला असतो. त्यावर तुमची चाळीस मिनिटं चढतात. विषय कितीही चांगला असो, मुलाच्या डोळ्यांना आणि शरीराला तो पडदाच असतो. आणि दीड वर्षाच्या बाळांना तर त्या खोलीत बसवायलाच नको होतं. हे मी रागावून म्हणत नाही, पण स्पष्ट म्हणते.

दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. अगदी लहान मुलं पडद्यावरून शिकत नाहीत असं नाही, पण समोरच्या माणसाकडून शिकतात त्यापेक्षा फारच कमी शिकतात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून मुलं शिकली. व्हिडिओ कॉलवर त्यांच्याशी थेट बोलणाऱ्या माणसाकडूनही शिकली. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून मात्र शिकली नाहीत. फरक पडला तो उत्तर मिळण्यामुळे. मूल बोट दाखवतं, तेव्हा कुणीतरी त्या बोटाच्या दिशेनं बघायला हवं. मूल "हे?" म्हणतं, तेव्हा कुणीतरी "हो, ते!" म्हणायला हवं. तुमच्या सहलीतला निवेदक मुलांकडे बघत नाही, म्हणून पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. तुमची मुलं चंचल आहेत असा अर्थ त्यातून कृपा करून काढू नका.

त्यात या आभासी सहली मुळात मोठ्यांसाठी केलेल्या असतात. आपण आधी एखाद्या दालनात फिरलेलो असतो, म्हणून पडद्यावरचं दालन आपल्याला समजतं. मुलाला काय दिसतं? चकचकीत फरशी सरकते, काचा चमकतात, भिंती गरकन फिरतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट हरवते ती म्हणजे वस्तूचं आकारमान. पडद्यावर कुंकवाची कोयरी आणि दगडी हत्ती एकाच मापाचे. मुलाला तर जग मापानंच कळतं : माझ्याहून मोठं, माझ्या मुठीत मावणारं, मला उचलता येणारं, मला बसता येणारं.

आता तुमचा पहिला प्रश्न. एवढ्या लहान मुलांना संग्रहालय कळतं का? ताई, या प्रश्नामागे तुमचा अभ्यास उभा आहे. संग्रहालय म्हणजे काळ, शतक, राजवट, शैली असं तुमच्या मनात पक्कं आहे, आणि ते मुलांना सांगता येत नाही म्हणून तुम्ही कष्टी होता. तीन वर्षांच्या मुलाकडे भूतकाळासाठी एकच शब्द असतो, 'काल'. आजी गावाला गेली ती काल, गणपती बसले होते ते काल, डायनोसॉर होते तेही काल. या मुलाला 'अठरावं शतक' म्हणण्यात अर्थ नाही. 'आजीच्या आजीच्या घरी असायचं' एवढं पुरतं, आणि कधी कधी तेही लागत नाही.

माझी नात साडेतीन वर्षांची असताना मी तिला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं होतं. मला तिला दिवे दाखवायचे होते. ती दिव्यांवरून पुढे गेली आणि पाय घासायच्या वज्रीपाशी थांबली. खाली खरखरीत तळ, वर मुठीला पक्षी. बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हा पोपट पाय चाटतो का?" मी "नाही गं" म्हणणार होते, पण थांबले. खरोखर, वज्री घडवणाऱ्या कारागिराच्या मनात तरी दुसरं काय असेल? रोजच्या पाय घासण्यात थोडी गंमत यावी म्हणूनच त्यानं तिथे पक्षी बसवला. नातीला तो कारागीर कळला होता. साल कळलं नव्हतं, आणि त्यानं काही बिघडलं नाही.

केळकर संग्रहालयाचं नाव मी मुद्दाम घेतलं. तुम्ही पुण्यात राहता आणि मुलांना लंडन-पॅरिसला नेऊन आणता. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून जे जमवलं ते बहुतेक घरातलंच : दिवे, अडकित्ते, वज्र्या, कोयऱ्या, करंडे, पेट्या, दौती, खेळणी, दारं. वीस हजारांवर वस्तू, त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. राजांची सिंहासनं जमवणारे पुष्कळ असतात. या माणसानं तांबूल, आंघोळ, स्वयंपाक, शृंगार यांची भांडीकुंडी जमवली. लहान मुलाचं जगही एवढंच असतं : खाणं, न्हाणं, निजणं, नटणं, खेळणं. त्यामुळे मुलांसाठी काय निवडायचं याची किल्ली इथेच मिळते. थोर वस्तू शोधू नका. मुलाच्या दिवसात जिला जागा आहे अशी वस्तू शोधा.

टिपूच्या वाघाचं तसंच झालं. वस्तू अद्भुत आहे, यात शंका नाही. १७९९ साली श्रीरंगपट्टणहून इंग्रजांनी नेलेला, आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेला, जवळजवळ पावणेदोन मीटर लांबीचा लाकडी वाघ. खाली पडलेल्या गोऱ्या माणसाच्या नरड्याला तो डसलाय आणि मूठ फिरवली की आतून गुरगुर आणि कण्हणं ऐकू येतं. मोठ्यांना तो इतिहास दिसतो. तीन वर्षांच्या मुलीला एक माणूस मरताना दिसला आणि ताई मात्र हसऱ्या चेहऱ्यानं बोलत होत्या. ती रडली हे बरोबरच. चावत सुटलेल्या मुलाची मात्र मला काळजी वाटत नाही. त्यानं वाघ डोक्यात न ठेवता अंगात घेतला. मुलं अशीच शिकतात. फक्त चावण्याऐवजी डरकाळी फोडायची वाट त्याला दाखवायला हवी होती.

मग तुमच्या जागी मी काय करीन? एक आठवडा तपशिलात सांगते.

तुम्ही पुरातत्त्वाच्या विद्यार्थिनी, तेव्हा दायमाबाद तुम्हाला सांगायला नको. वाचकांसाठी सांगते : अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठावर हे ठिकाण आहे. १९७४ साली तिथे चार भरीव ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ, म्हैस, गेंडा आणि हत्ती. चारही मिळून साठ किलोंच्या वर वजन, आणि वय सुमारे चार हजार वर्षं मानलं जातं. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि प्राणी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयात. म्हशीला आणि गेंड्याला चाकं आहेत. हत्तीही तशाच पाटावर उभा आहे, पण त्याची चाकं हरवली आहेत.

मुलांसाठी याहून चांगली गोष्ट मला शोधूनही सापडणार नाही. चाकं हरवलेला हत्ती!

रविवारी रात्री मुलं नसताना तुम्ही ऑनलाइन बसा. हत्तीची चांगली छायाचित्रं शोधा, मोठी करून बघा. सोंड, कान, पाट, सगळं तुमच्या डोळ्यांत भरू द्या. एकच छायाचित्र निवडा, मोठ्या कागदावर छापून लॅमिनेट करा आणि सोमवारी सकाळी भिंतीवर लावा. मात्र तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर नको. फरशीपासून दोन-अडीच फुटांवर, जिथे मुलाचं नाक टेकेल तिथे. त्या दिवशी काहीच बोलू नका. कोण जातंय, कोण हात लावतंय, कोण काय म्हणतंय, ते फक्त बघा आणि वहीत टिपा.

मंगळवारी विचारा, "याच्या मित्रांना चाकं आहेत. याची कुठे गेली?" आणि गप्प बसा. गप्प बसणं तुम्हाला जड जाईल, कारण तुम्हाला उत्तर सांगायची सवय आहे. मुलं म्हणतील, पंक्चर झाली, चोरानं नेली, त्याच्या आईनं उचलून ठेवली. सगळी उत्तरं वहीत घ्या. बरोबर उत्तर आपल्याकडेही नाही, हे मुलांना सांगायला लाजू नका. मोठ्यांनाही माहीत नाही असं ऐकल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात ते बघा.

बुधवारी पाण्याची बाटली शेजारी ठेवून दाखवा : ब्राँझचा मूळ हत्ती एवढाच उंच आहे, साधारण पंचवीस सेंटिमीटर. टीव्हीवर तो बैलाएवढा दिसला असता. मग एक लोखंडी वजन किंवा जड खलबत्ता प्रत्येकाला दोन्ही हातांनी, तुमच्या मदतीनं, उचलू द्या. "हत्ती याच्याहून जड आहे." भरीव म्हणजे काय ते दंडाला कळतं. गुरुवारी पुठ्ठ्याचं खोकं, डब्यांची मोठी झाकणं आणि दोरी घेऊन हत्तीला चाकं लावा आणि अंगणभर ओढा. शुक्रवारी काहीच ठरवू नका. मुलं स्वतःहून हत्तीकडे जातात का, एवढंच बघा.

आठवड्यातून मुलांसमोर पडदा किती आला? मुळीच नाही. चार-पाच वर्षांच्या मुलांना शुक्रवारी पाच-सात मिनिटं म्हशीची आणि गेंड्याची चित्रं टॅबवर दाखवायला हरकत नाही. तीन-चार मुलांच्या घोळक्यात, तुम्ही मांडी घालून शेजारी, बोट मुलाचं आणि थांबवायचं बटण तुमचं. हलतं चित्र नको, स्थिर हवं. आधी नुसतं शिंग दाखवा, "कुणाचं?" विचारा, मग हळूहळू अख्खा प्राणी उघडा. ऑनलाइन चित्र मोठं-लहान करता येतं ही फार मोठी सोय आहे, संग्रहालयातल्या काचेपाशी ती मिळत नाही. तिचा उपयोग असा करून घ्यावा.

चित्रं कुठून घ्यायची हे तुम्हाला माहीत असेल, पण इतर पाळणाघरवाल्या, अंगणवाडीताई, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा हे सदर वाचतात म्हणून लिहिते. आपल्या सांस्कृतिक मंत्रालयाचं 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे पोर्टल २०१४ पासून आहे. त्यामागची 'जतन' ही संगणक प्रणाली पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं तयार केली. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ मध्ये आणि अमेरिकेच्याच स्मिथसोनियन या संग्रहालयसमूहानं २०२० मध्ये लाखो चित्रं कुणालाही मोफत वापरता येतील अशी खुली केली, छापून भिंतीवर लावायलासुद्धा. मेटमध्ये आपल्याकडचं मयूरी नावाचं वाद्य आहे. अख्खा मोरच, पोटातून सूर काढणारा. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मोर बघून आलेल्या मुलाला त्याचं चित्र दाखवा आणि विचारा, "याच्या पोटात काय असेल?"

आता मावशी. पत्रात तुम्ही लिहिलंय, "मावशींना यातलं काही कळत नाही." ताई, हे वाक्य मागे घ्या. जात्याच्या दगडात खड्डे का पाडतात, वैरण, म्हणजे दळायचे दाणे, मुठीमुठीनं का घालायची, हातात धरायचा खुंटा सैल झाला की काय होतं, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. तुम्हाला पुस्तकातून ठाऊक आहे, मला आईच्या तोंडून. त्या खोलीत जातं माहीत असलेलं माणूस एकच होतं. पुढच्या वेळी चित्र लावायच्या आधी ते मावशींना दाखवा आणि विचारा, "याला तुमच्याकडे काय म्हणायचे?" सूप, रोवळी, उखळ, पाटा-वरवंटा, परडी, शिंकं. नाव गावागणिक बदलेल, ते बदलू द्या. चाळीस मिनिटांच्या सहलीपेक्षा मावशींचं सूप घेऊन पाखडणं कितीतरी मोलाचं. तांदूळ वर उडून परत सुपात पडतो, कोंडा बाहेर उडतो. मुलं आवाज ऐकतात, हात पुढे करतात, निम्मे तांदूळ फरशीवर. मग दाणे वेचणं हाही अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मावशींचा पगार वाढवता आला तर तोही वाढवा. त्या आता दोन कामं करतील.

पालकांना सांगून एक पेटी सुरू करा. घरात पडून असलेली एकेक जुनी वस्तू, महिनाभराच्या बोलीवर. पितळी भातुकली हमखास येईल. भातुकली म्हणजे तरी काय, चिमुकलं संग्रहालयच. त्यातला बंब बघून आजचं मूल विचारेल, हे काय? आणि गिझरच्या घरात वाढलेल्या मुलाला पाणी तापवायला विस्तव लागायचा हे तिथे कळेल. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळं काही शोधू नका. त्यांना चित्रही नको, गोष्टही नको. लाकडी पांगुळगाडा मिळाला तर बघा, आणि तो मजबूत असेल तर तुम्ही धरून वापरूही द्या. तांब्या, वाटी, घंटा, वेताची टोपली. गार-गरम, गुळगुळीत-खरखरीत, वाजणारं-न वाजणारं. डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी बिया, शिंपले, खडे, पानं घेऊन बालशिक्षण उभं केलं. पैसा आणि साधनं नव्हती म्हणून तसं केलं हे खरं, पण मुलांच्या हाताला काय हवं याची त्यांना जाणही होती.

सुरक्षेचं मात्र कडक पाळा. अडकित्ता चित्रातच ठेवा. हातांच्या पंजांचा अडकित्ता करून "कट्!" म्हणायला सांगा, मुलं खूश होतात. खऱ्याला त्या खोलीत जागा नाही. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ नाणी, मणी, बिया, घुंगरू, टिश्यू पेपरच्या रोलच्या नळीतून आत जाईल असं काहीही नको. कोसबाडच्या बिया म्हणूनच मोठ्या मुलांसाठी, आणि तुमच्या डोळ्यांसमोर. पेटीतली प्रत्येक वस्तू आधी स्वतः धुवून, कडा चाचपून बघा. जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर परत पाठवा, त्या रंगात शिसं असू शकतं.

व्हिडिओ कॉलचाही एक चांगला वापर आहे. पालकांपैकी कुणाची आई गावी असेल, जिच्या परसात अजून उखळ आहे. तिला दहा मिनिटं बोलवा. मुलं विचारतील, ती दाखवेल, मुलं "अजून!" म्हणतील, ती पुन्हा मुसळ उचलेल. हे रेकॉर्ड केलेलं नाही, उत्तर देणारं आहे. संग्रहालयातल्या शिक्षण विभागालाही विचारून बघा : एका वस्तूसमोर उभं राहून मुलांच्या प्रश्नांना पाच मिनिटं उत्तरं देणारं कुणी मिळेल का? सगळीकडे होकार येणार नाही, पण विचारायला काय हरकत आहे? शहरापासून दूर असणाऱ्यांसाठी, छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांकडे आणि गावांकडे जाते, त्यांच्याशीही बोलता येईल.

मग प्रत्यक्ष भेट. चौदा मुलांना घेऊन संग्रहालयात जाणं अशक्य असं तुम्ही गृहीत धरलंय. चौदा नका नेऊ. चार वर्षांच्या पुढची पाच-सहा, दोन मुलांमागे एक मोठं माणूस, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, आधी फोन करून. शुक्रवार पेठेतल्या वाड्याचे जिने चढायचे आहेत हे लक्षात असू द्या. वीस मिनिटं आणि दोनच वस्तू, ज्यांची चित्रं आधी आठवडाभर तुमच्या भिंतीवर होती. मुलं त्या वस्तूला ओळखतील. फोटोतल्या मामाला स्टेशनवर बघितल्यावर मूल ओरडतं, तसं ओरडतील. एकदा एका संग्रहालयात अशाच ओरडण्यावरून मला आणि नातीला बाहेर थांबायला सांगितलं होतं. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, आधी फोन केला असता तर त्यांनीही समजून घेतलं असतं. बाकीची दालनं न बघता परत या. "एवढ्या लांब आलो तर सगळं बघू" हा मोह मोठ्यांचा असतो.

पालकांना एक चिठ्ठी पाठवा, स्वच्छ शब्दांत. चार वाजताचा टीव्ही बंद केला आहे, का केला आहे, आणि आता काय करणार आहोत. त्या आईला वेगळं भेटून "तुमचं म्हणणं पटलं" एवढं म्हणा. रीलवाल्या बाबांना नाही म्हणणं अवघड जाईल, मला कल्पना आहे, पण म्हणावं लागेल. मुलांचे चेहरे उघड्यावर टाकायला प्रत्येकाच्या पालकांची संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानंही मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. आणि कॅमेरा चालू झाला की ताईंचं लक्ष मुलावरून फ्रेमवर जातं. त्याऐवजी बाबांना रोज तुमच्या वहीतलं एक वाक्य पाठवा. "आज तुमचा लेक म्हणाला, हत्तीची चाकं त्याच्या आईनं उचलून ठेवली." ते वाक्य घेऊन ते रात्री लेकाशी बोलतील. रीलवर ते बोलणं झालं नसतं.

शेवटी तुमच्याबद्दल. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, की तो टीव्ही लावताना तुम्हाला कॉलेजचे दिवस आठवतात. मला वाटतं, चार वाजताची ती सहल थोडीशी तुमच्यासाठीही होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती सहल सोडू नका, फक्त वेळ बदला. मुलं घरी गेल्यावर, सात वाजता, चहाचा कप घेऊन तुम्ही एकट्या बसा आणि पोट भरेपर्यंत लंडन, दिल्ली, न्यूयॉर्क हिंडा. पुढच्या सोमवारची एक वस्तू त्यातूनच निघेल. आणि वहीवर तारीख घालायला विसरू नका. दीड ते पाच वर्षांची मुलं वस्तूंबद्दल मराठीत काय काय बोलतात याची वर्षभराची नोंद तुमच्याकडे जमली, तर ती घेऊन कुठल्याही संग्रहालयाच्या शिक्षण विभागाच्या दारात तुम्ही उभ्या राहू शकाल.

हत्तीच्या चाकांची उत्तरं आली, की त्यांतली दोन-चार मला जरूर कळवा. आणि मावशींना विचारा, त्यांच्या जात्याचा खुंटा कुठल्या लाकडाचा होता.